पुढे घ्या, थांबा

४ मार्च

चि. मापटीस,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून जागा अडवत नाही. कागद कॅलेंडरचा आहे, सरलेल्या महिन्याचा. मागची बाजू कोरी होती, टाकवेना. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा टपालाचा खर्च.

तुझे बाबा अंथरुणाला खिळले आहेत. न्हाणीतून बाहेर येताना पडले आणि उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, ह्यांना कळतं सगळं, फक्त बोलणं गेलंय. सगळंच गेलं असतं तर मनाची समजूत तरी घातली असती. दोन बोल उरलेत. 'पुढे घ्या' आणि 'थांबा'. वजनकाट्याच्या खिडकीतून ट्रकवाल्यांना जन्मभर जे सांगितलं तेवढंच जिभेला पाठ राहिलं. बायकोचं नाव गेलं, देवाचं गेलं, ट्रकवाले तेवढे राहिले.

तहान लागली की 'पुढे घ्या'. कूस बदलायची असली की 'पुढे घ्या'. लघवीचं भांडं हवं असलं की 'थांबा'. डोळ्यांवर उजेड येत असला की 'थांबा'. तू म्हणशील, हो की नाही असं विचारायचं. विचारून पाहिलं. मी काहीही विचारलं तरी उत्तर माझ्या प्रश्नाचं येत नाही, आत जे लागलेलं असतं तेच बाहेर येतं. आणि मान ह्या कुशीची त्या कुशीला मीच फिरवते, तेव्हा मानेनं हो-नाही हेही नाही.

माझा प्रश्न गणिताचा आहे, म्हणून तुला विचारते. बाकी काही विचारत नाही. आम्हाला मॅट्रिकला दोन अज्ञातं आणि दोन समीकरणं होती, ती मला चांगली यायची. इथे चार हव्या-नकोच्या गोष्टी आहेत आणि शब्द दोनच. शब्दांवरून मागे जाऊन गोष्ट काढायची काही रीत आहे का? तुमच्या कॉलेजात मोठमोठी कोष्टकं शिकवता असं ऐकते. असेल तर कळव. खुशाली कळवली नाहीस तरी चालेल.

तुझी आई

२१ मार्च

चि. मापटीस,

तुझं कार्ड मिळालं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही, मधे गणित. पण अक्षर तुझंच, 'क्ष'ची शेपटी अजून ओळीखाली जाते. मी ते देवाजवळ ठेवलं, मग वाचायला पुन्हा काढलं.

जे समजलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर खूण कर. कोष्टकात वरून त्यांना काय हवंय ते मांडायचं आणि बाजूला काय म्हणतात ते. उभे रकाने चार, आडव्या ओळी दोन. तू त्याला मॅट्रिक्स म्हणतेस. (मी मॅट्रिक, तू मॅट्रिक्स. एवढ्याच फरकाला किती वर्षांची फी भरली आपण.) अशा आडव्या-रुंद कोष्टकातून चारची जागा दोनात मावत नाही, कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर बसणारच. आणि एकदा बसलं की दुसरं कुठलंही कोष्टक त्यांना वेगळं करू शकत नाही. दोन रंगांची लोकर एकत्र विणली तर उसवता येते, पण दोन रंग एका बादलीत ओतले की संपलं. असंच ना?

मी दुपारी पलंगाशी बसून विचार करत होते तेव्हा मला वजनकाट्यावरचा तो दिवस आठवला. तुला आठवण करून द्यायला नको, तरी लिहिते. ह्या घरात तो विषय कुणी काढला नाही, कागदावर तरी निघू दे.

एका ट्रकमध्ये तिघांचा माल यायचा. सिमेंट, खत, मीठ. वजन कमी भरलं की सिमेंटवाला म्हणायचा खताची पोती हलकी, खतवाला म्हणायचा मीठ वाटेत पाझरलं. काटा आकडा एकच देणार, त्यात कमी कुणाचं ते कसं कळणार? तू कॉलेजातून सुट्टीला आली होतीस, ह्यांचा डबा द्यायला गेलीस. म्हणालीस, ''तीन वेळा तोला, दर वेळी वेगळं भरून. प्रत्येकाच्या एका पोत्याचं वजन काढून देते.'' सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, ''करा रे ती म्हणते तसं. आमचं मापटं आहे ते, लहान दिसलं तरी माप खोटं निघायचं नाही.''

तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर कंटाळला आणि म्हणाला, ''पहिल्या खेपेचीच दुप्पट भरतो, हिशेब सोपा जाईल.'' तू म्हणालीस, ''दुप्पट नको, त्यातून नवीन काही कळत नाही.'' हे घरी येऊन त्यांनीच मला सांगितलं असतं, कौतुकानं, चार वेळा. पण तसं झालं नाही, मला ते लोकांकडून कळलं. कारण तुझ्या हिशेबात तिन्ही पोती सारखीच हलकी निघाली, एकाच प्रमाणात, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ''पोती बरोबर आहेत. काटाच खातोय.''

आकडे ह्यांनीच मोठ्यानं वाचून दिले होते. पहिला, दुसरा, तिसराही. काट्याचा मालक सुटला, कारण मालक सुटतातच. खिडकी ह्यांची गेली. संध्याकाळी दारात म्हणाले, ''मी हाक मारल्याशिवाय ह्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही.'' तू म्हणालीस, ''मग हाकच मारा.'' दोघंही एकाच पिठाची.

म्हणून तुझ्या कार्डाची शेवटची ओळ मी समजू शकते. 'त्यांनी स्वतः हाक मारली तर येईन. अट त्यांचीच आहे.'

एक सांगायचं राहिलं. पाणी दिलं, कूस बदलली, दोन्ही झालं तरी हे 'पुढे घ्या' म्हणतात. म्हणजे त्या शब्दाखाली तिसरंही काहीतरी आहे. ते काय, मला कळत नाही.

आई

९ एप्रिल

चि. मापटीस,

दुसरं कार्ड पोचलं. तू लिहिलंस, 'ओळी वाढवल्याशिवाय उलटं जाता येणार नाही. जितक्या गोष्टी तितक्या खुणा हव्यात.' मी पदर खोचून कामाला लागले.

गोष्टी आता पाच. पाणी, कूस, भांडं, उजेड, आणि ती पाचवी जिला नाव नाही. खुणा शोधल्या. दोन तर शब्दच. तिसरी, डोळे दाराकडे लागणं. चौथी, डाव्या मुठीत चादर धरणं. पाचवी, डावा पाय हलवणं. पाच आणि पाच. चौरस झालं! मला मॅट्रिकच्या निकालानंतरही इतका आनंद झाला नव्हता. व्यायाम करून घ्यायला बाई येतात त्यांना म्हटलं, आता ह्यांचं बोलणं मला वाचता येणार. त्या म्हणाल्या, ''आजी, तुम्ही जेवलात का आज?''

खर्चाच्या वहीसारख्या रेघा ओढल्या आणि जे दिसेल ते मांडत गेले. एवढं मांडलं तरी पाणी कुठलं आणि पाचवी कुठली हे सुटेना. रोज तिथेच अडायचं. मग लक्षात आलं. मूठ आवळली की पाय हलतोच आणि पाय हलला की मूठ आवळलेलीच. मूठ जोरात तर पायही तेवढ्याच जोरात. एक सोडून दुसरी कधी नाही. म्हणजे दोन खुणा नव्हेतच त्या, एकच खूण दोनदा लिहिलेली. ड्रायव्हरची ती दुप्पट! चौरस दिसतं, पण आत चारच ओळी. तुझ्या ड्रायव्हरनं माझे डोळे उघडले.

म्हणजे चौरस नसेल तर उलट नाहीच, आणि चौरस असलं तरी मिळेलच असं नाही. हे तू पहिल्याच कार्डात सांगितलं असतंस तर इतकी हरखले नसते. की मुद्दाम नाही सांगितलंस?

समोरची शिवणकाम करणारी रोज डोकावते. तिला सगळं सांगितलं, गणित सोडून. ती दातात टाचणी धरून म्हणाली, ''काकू, कशाला एवढा खटाटोप? लिहून टाका, बाबा तुझं नाव घेतायत. येते की नाही बघा धावत.''

मी म्हटलं, ''घेत नाहीत गं नाव.''

''मग काय झालं? देवाला काय पडलंय?''

''देवाला पडलेलं नसेल, मला पडलंय.''

''म्हातारा गेल्यावर खरं बोलून काय मिळणार तुम्हाला?''

ती गेल्यावर एक कोरा कागद घेतला. 'तुझे बाबा तुझं नाव' इथपर्यंत लिहिलं होतं. मग तो कागद फाडला, आणि फाडलेला वाया जाऊ नये म्हणून त्याच्या मागे दुधाचा हिशेब लिहिला. तुझ्या बाबांचा काटा खोटा निघाला म्हणून तू घर सोडलंस. मीही खोटं वजन पाठवलं तर तुझ्याकडे खरं म्हणायला उरतं कोण?

ते पाचवं काय असेल ते सांगते. तू असशील. कुठे दुखत असेल, दाखवता येत नसेल. किंवा देवालाच म्हणत असतील, मला पुढे घ्या. ह्या तिसऱ्याचा विचार आला की मी उठून उगाच भांडी घासते.

आई

२७ एप्रिल

चि. मापटीस,

ह्या वेळी कार्ड नाही, पाकीट आलं. दोन पानं! गणितच आहे, पण दोन पानांचं. तिकीट जास्त लागलं असेल.

मी मधे एका कार्डात तुला रागानं विचारलं होतं की, पाच गोष्टींना सात-आठ खुणा केल्या तर? तेव्हा तर काही एकमेकांवर बसणार नाही. तू लिहिलंस, 'नाही बसणार. खुणा खऱ्याच वेगळ्या असतील तर त्यांच्या मनातलं परत काढता येईल. पण ते उलटं एका बाजूचं. कोष्टक उंच झालं की अशा कितीतरी खुणा शिल्लक राहतात ज्या कुठल्याच इच्छेतून आलेल्या नसतात. त्या वाचून तू इच्छा काढशील, आणि ती इच्छा पुन्हा कोष्टकातून घातलीस तर निघताना वेगळीच खूण निघेल. खरं उलट दोन्हीकडून जुळायला हवं. आतून बाहेर आणि परत आत, बाहेरून आत आणि परत बाहेर. रुंद कोष्टकात पहिलं मोडतं, उंचात दुसरं. दोन्ही टिकायची शक्यता फक्त चौरसात.'

हे मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. 'पुढे घ्या' म्हणाले. पाणी दिलं, प्यायले.

तुझ्या त्या दुसऱ्या मोडण्याचा मला अनुभव आला. मी भुवई धरली, श्वास धरला, खोकला धरला. मग मला जिथे तिथे खुणा दिसायला लागल्या. एकदा रस्त्यावरून जड गाडी गेली, भिंत हादरली, ह्यांनी डोळे मिटले आणि खोकले. मी लगेच ताडलं, काट्याची आठवण आली, म्हणजे त्या दिवसाची, म्हणजे तुझी. पत्र लिहायलाच बसत होते. तेवढ्यात बघितलं तर खिडकी उघडी होती आणि धुरळा येत होता. धुरळ्यानं माणूस खोकतो. खोकला म्हणजे खोकलाच.

नसलेल्या इच्छा मी त्यांच्या अंगावर घालत होते गं. आजारी माणसाला नको तो अंगरखा घालावा तसं.

आता त्यांना गिळायला जड जातं. दूधही चमच्यानं. मूठ सैल झाली आहे, पायही. डोळे दाराकडे लागत नाहीत, समोर असतात. माझ्या खुणा एकेक करून परत चालल्या आहेत. कोष्टक पुन्हा आडवं होतंय. तू विचारशील म्हणून लिहिते, डॉक्टर काही सांगत नाहीत, पण फी घ्यायला हात पुढे करत नाहीत.

आई

३ मे

मापटे,

आज गणित नाही.

त्यांनी तुला हाक मारली असं मी लिहू शकत नाही. मारली नाही असंही लिहू शकत नाही. दोन शब्दांतून ते निघत नाही, आणि निघत नाही हे तूच मला तीन वेळा शिकवलंस. तू ज्या उत्तराची वाट बघतेस ते कुणालाच काढता येणार नाही, मला नाही, तुला नाही, तुझ्या कॉलेजातल्या थोरामोठ्यांना नाही. त्यांच्या हाकेसाठी थांबशील तर थांबतच राहशील.

तेव्हा मी हाक मारते.

अट त्यांची होती, ती त्यांच्यापाशी राहू दे. उंबरा काही त्यांच्या एकट्याचा नाही, रोज मी पुसते तो. मी कधी हक्कानं काही मागितलं नाही, तेव्हा शिल्लक बरीच असेल. त्यातून हे वजा कर.

ये. दाराला कडी घालत नाही. वाजवू नकोस, ते दचकतात.

आई

३० मे

चि. मापटीस,

तू पोचल्याची चिठ्ठी मिळाली. 'पोचले' एवढं एकच लिहिलंस, पण गणित नाही हे बघून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

घर आवरलं. त्यांचे कपडे समोरचीनं नेले, उसवून पिशव्या करणार आहे. पलंग परत पाठवला, त्या जागी फरशीचा रंग वेगळा दिसतो. दुधाच्या हिशेबात निम्मं दूध कमी केलं.

तू निघताना दारात विचारलंस, ''आई, खरं सांग. बाबांनी मला ओळखलं?'' मी पिशवीला गाठ मारत होते आणि गाठ नीट बसत नाही असं दाखवलं. तुला वाटलं असेल, आईला ऐकू आलं नाही. आलं होतं. उत्तर द्यायला कागद बरा म्हणून राहू दिलं.

माहीत नाही.

तू आत आलीस, चपला उंबऱ्याबाहेर काढल्यास, लहानपणी काढायचीस तशा एकीवर एक. पलंगाशी बसलीस. 'बाबा' म्हणालीस. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, की तुझ्यामागच्या भिंतीकडे, ते मला बाजूनं दिसलं नाही. मग म्हणाले, 'पुढे घ्या.' तू खुर्ची पुढे घेतलीस. मी पाण्याचा चमचा भरून हातात धरला होता, पण दिला नाही. काही वेळानं म्हणाले, 'थांबा.' मी पडदा ओढला नाही, भांडं आणलं नाही. तू थांबलीस. त्यानंतर ते बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढचे दिवसही नाहीत.

ह्याचा अर्थ लावायचा तर तो तहानेचा लागेल, उजेडाचा लागेल, तुझाही लागेल. मी लावत नाही. तूही लावू नकोस, तुला तर जास्त कळतं. पण जमेच्या बाजूला एवढं मांडून ठेव. माणसाकडे होते-नव्हते ते दोनच शब्द, ते दोन्ही त्यांनी तुझ्यासमोर खर्च केले. हातचं काही राखलं नाही.

समोरची म्हणाली, ''काकू, त्यांच्या मनातलं आता देवालाच ठाऊक.'' तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, जे उलटं येत नाही ते देवालाही येत नाही, गणितात वशिला चालत नाही. मी प्रार्थनेला बसले तेव्हा ह्यावर बराच विचार केला. मला वाटतं, तुझं खरं आहे आणि तिचंही. देवाला मागे जायला लागतच नाही. आपण बाहेर उभे राहून आकडा वाचणारी माणसं. तो मुळात ट्रकच्या आत बसलेला. त्याला पोती दिसतात.

एवढंच लिहायचं होतं. आता मला तुला विचारायला गणित उरलं नाही. खुणा मांडायचे कागद सगळे संपले, आणि नवीन कोडं घालायला घरात दुसरं माणूस नाही. मी काय बोलते ते सगळं ज्याला त्याला कळतं, मला कोष्टक लागत नाही.

तरी पत्र पाठवत जा. काय लिहावं सुचलं नाही तर कोरं पाठव. वरती पत्ता तर तुलाच घालावा लागेल, तेवढं अक्षर मला पुरतं.

आई